चाळिशीपुढील बळ आणि त्याचे नियोजन

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी प्रसिद्ध बलोपासक युजेन सँडो याचे पुस्तक व उपकरणे आणवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला, आणि पुढे 1908 च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून, ती पद्धत सोडून सूर्यनमस्कारांचा जो नेम धरला तो उतारवयापर्यंत चालविला. त्यांचा जन्म 1868 सालचा. म्हणजे हा पालट त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर केला. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनमध्ये निघाले तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, मिरज सांगली जिल्ह्यात. योगायोग असा, की शक्तिउत्तोलनाच्या (पॉवरलिफ्टिंगच्या) आंतरराष्ट्रीय नियमांत ज्येष्ठांचा पहिला गट सुरू होतो तोही चाळिसाव्या वर्षीच.

या दोन जिल्ह्यांत बळाची उपासना परंपरागत आहे, परंतु ती बहुतांशी तरुणांच्या हिशेबाने मांडलेली आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले तेव्हा ते 26 वर्षांचे होते, आणि आजही पस्तिशी उलटली की मल्ल हौदा सोडतो, काठावर बसून पोरांना डाव सांगतो, व त्याचे स्वतःचे जोर-बैठकांचे आकडे हळूहळू शून्यावर येतात. कुस्तीत हे अपरिहार्यही असेल. लोखंडाचा मामला मात्र वेगळा आहे. शक्तिउत्तोलनात चाळीस, पन्नास, साठ आणि सत्तर अशा वयांपासून ज्येष्ठांचे स्वतंत्र गट आहेत. भारोत्तोलनात तर पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा एकेक गट आहे. 1990 साली बोस्टन येथील एका शुश्रूषालयात सरासरी नव्वद वर्षांच्या वृद्धांकडून आठ आठवडे भाराचा व्यायाम करविला असता त्यांच्या मांड्यांचे बळ दुपटीहून अधिक वाढले, हा दाखला ज्याच्या वाचनात आला त्याला पंचावन्नाव्या वर्षी रॅकखाली उभे राहणाऱ्या माणसाचे नवल वाटणार नाही.

नवल वाटावे ते निराळ्याच गोष्टीचे, की असा अनुभवी माणूसही स्पर्धेचे नाव निघताच विशीतल्या पोराचा कार्यक्रम हाती घेतो. वयोमानाने स्नायू घटतो, त्याहून लवकर त्याची चपळाई घटते, आणि कंडरा व सांधे यांची झीज भरून येण्यास पूर्वीपेक्षा अधिक मुदत लागते. म्हणून पुष्कळ जण वजनच कमी करतात आणि हलक्या वजनाच्या वीस-वीस उचली काढीत बसतात. माझ्या मते ही चूक आहे. प्रौढाने भार कमी करू नये. जड दिवसांची गर्दी कमी करावी. जे जड उचलण्याची सवय देह विसरतो ते स्पर्धेच्या दिवशी आठवत नाही, आणि जड दिवस दाटीने आले तर मुळात स्पर्धेच्या दिवसापर्यंत खांदा, कोपर व कंबर शाबूत राहत नाहीत.

उदाहरणार्थ, पंचावन्न वर्षांचा, वीस वर्षांची सवय असलेला, स्क्वॉटमध्ये 150 किलो उचलणारा गृहस्थ घेऊ. त्याने स्पर्धेच्या दिवसापासून मागे मोजीत बारा आठवडे आखावे. आठवड्यातून स्क्वॉट दोनदा, त्यांतील जड दिवस एकच. दुसऱ्या दिवशी सत्तर टक्के म्हणजे 105 किलो घेऊन थोड्याच पण झपाट्याच्या उचली. जड दिवशी पहिल्या टप्प्यात 105 ते 120 किलोंचे पाच-पाच उचलींचे चार सेट, आणि प्रत्येक सेट अंगात दोन उचली शिल्लक असतानाच थांबवायचा. चौथा आठवडा हलका. दुसऱ्या टप्प्यात 120 ते 132 किलो, उचली तीन, पुढे दोन. आठवा आठवडा पुन्हा हलका. त्यानंतर 135 ते 140 किलोंच्या एकेरी उचली. अलेक्सांद्र प्रिलेपिन या सोव्हिएत प्रशिक्षकाने अव्वल भारोत्तोलकांच्या नोंदी चाळून जो तक्ता बांधला, त्यात नव्वद टक्क्यांपुढील एकूण उचली एका बैठकीत दहाच्या वर जाऊ नयेत असे आहे. ते तरुण, निवडक आणि पूर्णवेळ खेळाडू होते हे ध्यानात घेता आपल्या गृहस्थास तीन-चार पुरेत. शेवटच्या दोन आठवड्यांत सेटांची संख्या निम्म्यावर आणावी, वजन मात्र फारसे उतरवू नये. शेवटची जड डेडलिफ्ट सुमारे दहा-बारा दिवस आधी, स्क्वॉट आठवडाभर आधी, बेंच प्रेस त्याहून थोडी उशिरा. हा पंधरवडा अनुभवी माणसास सर्वांत कठीण जातो. अंगात रग असते, हात शिवशिवतात, आणि एकदा आजमावून पाहावे असा मोह होतो. परंतु तालमीत आजमावलेले वजन गुणपत्रिकेत चढत नाही.

औंधच्या राजांकडून येथे घ्यावयाचा तो नेम: ठरल्या वेळी हजर होणे आणि खंड न पडू देणे. मात्र रोज तेवढेच करण्याने आरोग्य राखले जाते, शिखर गाठले जात नाही. स्पर्धकाला चढ-उतार आखावेच लागतात. रोजनिशीत वजन व उचली यांच्याबरोबर झोप आणि सकाळी कोणता सांधा कुरकुरला याचीही नोंद असावी, कारण प्रौढ देहाची कैफियत प्रथम तिथेच उमटते. रक्तदाब असणाऱ्याने वैद्यकीय तपासणीवाचून जड लोखंडास हात घालू नये, कारण श्वास रोखून उचलताना तो क्षणभर फार चढतो. खुराकाविषयी एवढेच, की दूध-तुपाची आपली जुनी भिस्त प्रौढाला पुरत नाही. प्रथिने वाढवावी, डाळी, अंडी, दही-पनीर प्रत्येक जेवणात विभागून घ्यावे.

स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक प्रकारात तीन संधी असतात, एकदा सांगितलेले वजन पुढे कमी करता येत नाही, आणि तिन्ही संधी वाया गेल्यास एकूण बेरीजच होत नाही. म्हणून पहिली उचल अशी सांगावी, की वाईट दिवशीही ती तिहेरी निघेल; आपल्या गृहस्थासाठी 135, मग 145, आणि दुसरी कशी गेली ते पाहून तिसरी. 2022 साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा भारोत्तोलक संकेत सरगर याने 55 किलो गटात स्नॅचमध्ये 113 व क्लीन अँड जर्कमध्ये 135 किलो उचलून 248 किलोंची बेरीज केली. पुढच्या दोन्ही प्रयत्नांत 139 किलो साधले नाहीत, कोपर दुखावले, आणि मलेशियाच्या स्पर्धकाने 249 किलोंवर सुवर्णपदक नेले. दुखावलेल्या कोपराने तिसऱ्यांदा मंचावर जाणाऱ्या त्या विशीतल्या मुलाचे धैर्य वंदनीय आहे. पंचावन्नाव्या वर्षी मात्र कोपराने इशारा दिल्यावर तिसरी संधी सोडून देण्याची मुभा स्वतःस आधीच देऊन ठेवावी, कारण त्या वयात दुखावलेली कंडरा पुढचे वर्षही खाऊन टाकते.

सातारा-सांगलीकडील तालीमचालकांना माझी विनंती आहे, की चाळिशीपुढील मंडळींसाठी सकाळची एक वेळ राखून ठेवावी, तिथे एक रॅक, एक चांगला बार आणि सव्वा-सव्वा किलोच्या लहान चकत्या असाव्यात, आणि वस्तादाने त्यांच्या रोजनिश्याही पोरांच्या इतक्याच कसोशीने तपासाव्यात.