एकही हिट नाही, तरी रन मिळाला! बेसबॉलमधला १-० चा अजब सामना

मंडळी, क्रिकेटमध्ये एखादी टीम शून्यावर ऑलआऊट झाली तर केवढा बोभाटा होईल! बेसबॉलमध्ये मात्र समोरच्या टीमला शून्यावर रोखणं तितकं दुर्मिळ नाही. त्याला 'शटआऊट' म्हणतात. ९ सप्टेंबर १९६५ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये असाच एक शटआऊट झाला. लोक आजही त्याच्या गोष्टी सांगतात. का? चला, पाहूया.

आधी थोडे नियम

बेसबॉलमध्ये दोन्ही टीमना प्रत्येकी ९ इनिंग मिळतात आणि तीन आऊट झाले की इनिंग संपते. म्हणजे एकूण २७ आऊट. बॅटरने चार बेस ओलांडून घरच्या बेसवर परत यायचं, की झाला एक रन. पिचरने समोरच्या एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नाही, २७ आले आणि २७ गेले, तर तो 'परफेक्ट गेम'. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये १८८० ते २०२३ या काळात असे फक्त २४ सामने झाले.

एका रनची किंमत

हंगाम संपायला जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते. तेव्हा आजच्यासारखे प्लेऑफ नव्हते. दहा टीमच्या लीगमध्ये जो पहिला, तोच थेट वर्ल्ड सिरीजला. लॉस एंजेलिस डॉजर्स आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स यांच्यात त्या जागेसाठी जोरदार चुरस होती. त्यामुळे एकेक सामना मोलाचा होता.

त्या रात्री डॉजर्सकडून डावखुरा सँडी कोफॅक्स पिचिंग करत होता. समोर शिकागो कब्जचा बॉब हेंडली, तोही डावखुरा आणि तोही जबरदस्त फॉर्ममध्ये. चार इनिंग झाल्या तरी दोन्हीकडचा एकही बॅटर बेसवर पोचला नव्हता.

पाचव्या इनिंगमध्ये हेंडलीचे चार बॉल बाहेर गेले आणि डॉजर्सच्या लू जॉन्सनला पहिला बेस फुकटात मिळाला. पुढच्या रॉन फेअरलीने बॉल हळूच समोर टाकला. तो स्वतः आऊट झाला, पण जॉन्सन दुसऱ्या बेसवर सरकला. मग त्याने धूम ठोकली तिसऱ्या बेसकडे. त्याला आऊट करायला कॅचर ख्रिस क्रुगने बॉल फेकला, तो गेला भलतीकडेच! जॉन्सन आरामात घरी आला. रन झाला, हिट मात्र एकही नाही.

सातव्या इनिंगमध्ये जॉन्सननेच एक हिट मारला, पण त्यातून रन निघाला नाही. दोन्ही टीमचा मिळून अख्ख्या सामन्यातला तो एकमेव हिट!

शेवटचे सहा

इकडे कोफॅक्स थांबायचं नाव घेत नव्हता. शेवटच्या दोन इनिंगमधल्या सहाही बॅटरना त्याने स्ट्राईकआऊट केलं. त्यात नवव्या इनिंगचा पहिला बॅटर होता तोच क्रुग! एकूण १४ स्ट्राईकआऊट झाले. स्टेडियममधल्या २९ हजारांवर प्रेक्षकांनी परफेक्ट गेम पाहिला.

डॉजर्सने पुढे जायंट्सना मागे टाकलं आणि वर्ल्ड सिरीजही जिंकली. त्या सिरीजचा सातवा आणि निर्णायक सामनाही कोफॅक्सचा शटआऊटच होता, २-० असा. पण कोपराच्या संधिवाताने तो बेजार होता. १९६६ च्या हंगामानंतर अवघ्या तिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला.

आणि हेंडली? फक्त एक हिट देऊनही बिचारा हरला. पण पाचच दिवसांनी शिकागोत हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. त्या दिवशी हेंडली २-१ ने जिंकला. उधारी फिटली, राव!