‘चांगला’ शेऱ्याने अडवलेली बढती

सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त या कार्यकारी अभियंत्याच्या 1993-94 च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा पडला. अधीक्षक अभियंता व्हायला मात्र आधीच्या पाचही वर्षांत ‘अतिशय चांगला’ हवे होते. बढतीसाठी त्यांचा विचारच झाला नाही. का झाला नाही हे त्यांना समजायला मार्ग नव्हता, कारण कर्मचाऱ्याला फक्त प्रतिकूल शेरे कळवायची पद्धत होती आणि ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे! हायकोर्टात हरलेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2008 मध्ये न्यायालयाने ठरवले की ज्या शेऱ्यामुळे बढती अडते तो प्रतिकूलच, आणि यापुढे प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने कर्मचाऱ्याला संपूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला.

गुप्तता गेली हे चांगलेच झाले, पण वार्षिक मूल्यमापनाचा खरा दोष त्याहून खोल आहे. एकाच फॉर्मकडून आपण दोन परस्परविरोधी कामे करून घेतो: पगारवाढ वाटायची आणि माणसाला सुधारायचे. ज्या कागदावर इन्क्रिमेंट ठरणार, त्यावर आपली उणीव स्वतःच्या हाताने कोण लिहील? साहेबालाही ठरलेल्या बजेटात सगळ्यांना बसवायचे असते, म्हणून आकडा आधी ठरतो आणि त्याला शोभणारी कारणे नंतर शोधली जातात. खासगी कंपन्यांनी तर ‘बेल कर्व्ह’, म्हणजे आधीच ठरलेल्या टक्क्यांत श्रेणी वाटण्याची पद्धत, आणून ही ओढाताण नियमातच बसवली. जॅक वेल्श यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये वरचे 20, मधले 70 आणि तळाचे 10 टक्के अशी विभागणी प्रसिद्ध झाली. टीममधले दहाही जण उत्तम असले तरी कुणीतरी तळाला जायचेच. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मदत करण्यात शहाणपण उरत नाही. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही पद्धत सोडली, पुढे इन्फोसिसनेही बेल कर्व्हला रजा दिली.

बरे, तो आकडा तरी कामाचा असतो का? अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे साडेचार हजार व्यवस्थापकांना वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालच्या माणसांनी दिलेले गुण तपासले गेले. गुणांमधल्या फरकापैकी निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीमुळे पडलेला निघाला. कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. म्हणजे रेटिंगवरून कर्मचाऱ्यापेक्षा त्याच्या साहेबाचीच जास्त ओळख पटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लेखी मूल्यमापन नसेल तर वशिल्याला रान मोकळे मिळेल, आणि त्याची झळ साहेबाच्या पुढेपुढे न करणाऱ्यालाच बसेल. रेटिंग रद्द केलेल्या ठिकाणीही पगारवाढ कुणीतरी ठरवतोच. फरक इतकाच की तेव्हा ती त्याच्या मनातल्या यादीवरून ठरते, आणि त्या यादीविरुद्ध दादही मागता येत नाही. म्हणून नोंद राहायलाच हवी. पण पगारवाढीचा निर्णय वेगळा, निकष आधी जाहीर करून घ्यावा. आणि कामातल्या चुकांबद्दल काम चालू असतानाच, पैशाचा विषय न काढता बोलावे. जूनमध्ये झालेली चूक मार्चमध्ये ऐकून कुणाचे काम सुधारत नाही. व्यवस्थापकांना यासाठी वेळ कुठे आहे, असेही विचारले जाते. वर्षअखेरीस फॉर्म, बैठका आणि तक्रारी निस्तरण्यात जाणारा वेळ मोजला तर दर महिन्याच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याचा बाऊ वाटू नये.

कंपन्या आपणहून बदलतील तेव्हा बदलतील. तोवर यंदाचे रेटिंग हातात पडल्यावर फक्त सही करून परत देऊ नका. ते कोणत्या निकषावर, कोणत्या कामामुळे ठरले हे लेखी मागा, आणि पटले नाही तर तुमचे म्हणणेही त्याच नोंदीत लिहून ठेवा.