पुढच्या आसाची जबाबदारी

चारकोप म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर खाडीकाठची खारफुटी येते, आणि जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने १९८० नंतरच्या दशकात म्हाडाने आखलेल्या भूखंडांवरची घरे येतात. परंतु मोटारीवर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांना चारकोप ठाऊक असते ते बोरिवली विभागाच्या परिवहन कार्यालयामुळे. लोहमार्गापलीकडे, कांदिवली पूर्वेस, महिंद्र कंपनीचा ट्रॅक्टरांचा कारखाना आहे. याच कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला, आणि चारही चाकांना गती देणारी यंत्ररचना मुंबईच्या मिस्त्र्यांच्या परिचयाची झाली. दोन चाकांवर ओढ असलेल्या पिकअपला ‘चार बाय चार’ करणे ही त्या विद्येची सर्वांत अवघड शाखा होय.

साध्या पिकअपमध्ये इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून लांब शाफ्टने मागच्या आसाकडे जाते. पुढचा आस भार वाहतो आणि दिशा देतो, इतकेच. हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका होतो, आणि पावसाळ्यातल्या निसरड्या चढणीवर मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. त्याच वेळी इंजिनाचे सारे वजन ज्यांच्यावर आहे, ती पुढची चाके मात्र निश्चल असतात. त्या वजनाला कामास लावणे, एवढाच या रूपांतराचा हेतू आहे.

तो साधण्यासाठी गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसवावी लागते, जिच्यातून शक्ती पुढे व मागे अशी वाटली जाते, आणि लो गिअर टाकल्यावर चाकांवरचा जोर जुन्या नागरी जीपमध्ये सुमारे अडीच पट होतो. मागचा शाफ्ट आखूड करून त्याचा तोल पुन्हा साधावा लागतो. पुढे डिफरन्शियलसह नवा आस येतो. तो इंजिनाच्या तळाला आदळू नये म्हणून पाटे, स्टिअरिंगचे दांडे आणि ब्रेकच्या नळ्या यांची फेरमांडणी होते. पुढच्या चाकाला वळायचेही असते आणि ओढायचेही. शाफ्टच्या टोकाचा साधा क्रॉस-सांधा मोठ्या कोनात एकसारखी गती देत नाही, म्हणून तेथे पोलादी गोळ्यांचा, समगती राखणारा सांधा लागतो.

याहूनही नाजूक प्रश्न प्रमाणाचा. युद्धकालीन जीपच्या आसांचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या, ४.८८ होते, नंतरच्या नागरी जीपचे ५.३८. भंगारातून आणलेला पहिल्या जातीचा आस पुढे आणि दुसऱ्या जातीचा मागे बसवला, तर मागचे चाक दहा फेऱ्या करते तेवढ्यात पुढचे अकरा करू पाहते. चिखलात हा विरोध घसरण्यात जिरतो. कोरड्या रस्त्यावर तो दातेरी चाकांच्या मुळावर येतो.

अमेरिकेत मार्मन-हेरिंग्टन कंपनीने १९३० नंतरच्या दशकात फोर्डच्या मालमोटारींना, आणि पुढे मिनीॲपोलिसच्या नॅपको कंपनीने शेवरोले व जीएमसी पिकअपना अशी रूपांतरे दिली. तेथे विशिष्ट गाडीसाठी संपूर्ण संच एकत्र योजलेला असे. म्हणजे सर्व भागांचे प्रमाण जोडणीपूर्वीच ठरलेले असे. सुट्या भागांतून काम उभे करणाऱ्या मिस्त्र्याला ती सारी तजवीज स्वतःच करावी लागते.

आणि लोखंडाचे काम पुरे झाले तरी दप्तराचे उरतेच. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. म्हणून पहिला पाना फिरवण्याआधी अशा रूपांतरास मंजुरी मिळते की नाही, याचा खुलासा परिवहन कार्यालयात करून घ्यावा, आणि नकार मिळाल्यास कारखान्यातूनच चार बाय चार होऊन आलेली गाडी शोधावी. हे सांगताना या कारागिरीविषयीचा माझा आदर तसूभरही उणा होत नाही. गाडी आज ना उद्या दुसऱ्या हाती जाते. तो नवा मालक घाटाच्या उतारावर तिच्यावर विसंबतो, तेव्हा तिला जोडणाऱ्या मिस्त्र्याला त्याने पाहिलेले नसते, त्याच्यापाशी असतो तो केवळ कागद. पुढच्या आसावर नवी जबाबदारी टाकणाऱ्याने त्या अपरिचित माणसाची जबाबदारीही स्वीकारलेली असते.