मेंढ्यांच्या जिवावर उठलेलं झाड

पोरांनो, युरोपात गालेगा नावाचं एक झुडूप उगवतं. वाटाण्याच्या कुळातलं, फिकट जांभळ्या तुऱ्यांचं. दिसायला इतकं गरीब, की अमेरिकेतल्या युटामध्ये १८९१ साली ते चारा म्हणून पेरलं. जनावरं ते तोंडात धरीनात, जास्त खाल्लेल्या मेंढ्या दगावल्या. आज तिथं ते तण म्हणून उपटून टाकतात.

त्यातलं विष गालेजिन. ते रक्तातली साखर उतरवतं. १९२०च्या दशकात माणसांना देऊन पाहिलं, पण सोसेना. त्याच गोत्रातला सौम्य मेटफॉर्मिन १९२२ सालीच डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी बनवला होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. पुढं फिलिपिन्समध्ये डॉ. गार्सियांनी तो चक्क फ्लूवर दिला! अखेर १९५७ साली पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी तो मधुमेहावर आणला. अमेरिकेनं मात्र १९९४ उजाडेपर्यंत त्याला दारात उभं केलं नाही. कारण त्याच्या भावानं, फेनफॉर्मिननं, रुग्णांच्या रक्तात आम्ल साठवून घराण्याचं नाव घालवलं होतं.

आता गंमत ऐका. मेटफॉर्मिनची गोळी पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्याचा वेग थोडा कमी करते. ऊर्जा घटली की एएमपीके नावाचं प्रथिन जागं होतं. डब्यातलं पीठ तळाला गेलं की तुमची आजी आधी लाडू-करंज्या बंद करते ना, तसं ते पेशीचे वायफळ खर्च थांबवतं.

ही काटकसर आणखी एका आजारात कामी येईल का? संधिवातात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराचे आपलेच सैनिक, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, सांध्याच्या अस्तरावर तुटून पडतात. लढाई म्हणजे खर्च आलाच! टीएच-१७ नावाच्या चिडक्या पेशी तर फार खादाड. मग त्यांची रसद तोडली तर? उंदरांवर हे करून पाहिलं, तेव्हा त्यांच्या पंजांची सूज कमी झाली. माणसांवरच्या चाचण्या अजून लहान आहेत, त्यामुळे संधिवाताच्या नेहमीच्या औषधांत मेटफॉर्मिन बसलेला नाही. तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून कुणी गोळ्या बदलू नका रे!

पण या आजाराला उसनी औषधं नवी नाहीत. त्याचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट कर्करोगाकडून आलं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हिवतापाकडून. आणि हे दुसरं तर पुढं आणखी एक घर फिरलं: २०१४ साली भारतात त्याला मधुमेहावरचं जोडऔषध म्हणून मान्यता मिळाली.