उत्तेजनार्थ

शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन संपत आलेले असते. व्यासपीठावरील मेजावर चषक, पुस्तके आणि प्रशस्तिपत्रके रचून ठेवलेली असतात. निबंधस्पर्धेचा निकाल वाचला जातो. प्रथम, द्वितीय व तृतीय क्रमांकांची नावे पुकारली जातात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. मग निकाल वाचणारे गुरुजी क्षणभर थांबतात व म्हणतात, "उत्तेजनार्थ पारितोषिक." आणखी एक नाव उच्चारले जाते. मागच्या रांगेतील एक मुलगी उठते, काहीशा संकोचाने व्यासपीठाकडे जाते आणि एक लहानसे प्रशस्तिपत्रक घेऊन आपल्या जागी परतते. तिला आनंद झालेला असतो. परंतु मनात एक शंकाही डोकावत असते. हा मान खरोखर आपल्या निबंधाला मिळाला, की आपल्याला वाईट वाटू नये म्हणून परीक्षकांनी दाखविलेली ही नुसती दया आहे?

ही शंका क्षुल्लक नाही. प्रत्येक स्पर्धेत जिंकणारे थोडे आणि न जिंकणारे पुष्कळ असतात. न जिंकणाऱ्यांमध्येही सर्वच सारखे नसतात. कोणी मुळीच तयारी न करता आलेला असतो, तर कोणी विजयाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचून थांबलेला असतो. ह्या दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धकाचे काय करावयाचे, हा प्रश्न माणसांपुढे फार प्राचीन काळापासून उभा आहे.

प्राचीन ग्रीस देशात ह्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली. ऑलिंपिया येथील सुप्रसिद्ध क्रीडामहोत्सवात प्रत्येक शर्यतीत मान एकाचाच असे. विजेत्याच्या मस्तकावर रानऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट चढविला जाई आणि दुसरा आलेला धावपटू रिकाम्या हातांनी घरी परते. अथेन्स नगरीच्या महोत्सवात मात्र रीत वेगळी होती. तेथे ऑलिव्ह तेलाने भरलेले सुंदर रंगीत कुंभ बक्षीस म्हणून देत. ते पहिल्याला पुष्कळ मिळत. तथापि दुसरा आलेलाही अगदीच विन्मुख जात नसे. त्यालाही काही थोडे कुंभ मिळत.

होमर ह्या महाकवीच्या 'इलियड' काव्यात तर ह्याविषयीचा एक मोठा बोधप्रद प्रसंग आहे. अकिलीस ह्या वीराने आपल्या दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ रथांची शर्यत ठेवली. पाच रथी शर्यतीत उतरले आणि पाचांसाठी पाच बक्षिसे मांडली गेली. त्या रथींमध्ये युमेलस हा अत्यंत कुशल समजला जाई. परंतु ऐन शर्यतीत त्याच्या रथाचे जू मोडले, तो खाली कोसळला आणि सर्वांच्या शेवटी, मोडका रथ ओढीत परतला. अकिलीसला त्याची कणव आली. एवढा निष्णात सारथी केवळ दैवाने मागे पडला, तेव्हा दुसरे बक्षीस त्यालाच द्यावे, असे त्याने सुचविले. जमलेल्या लोकांनीही संमती दर्शविली. परंतु दुसरा आलेला तरुण अँटिलोकस तत्काळ पुढे झाला. युमेलसचा गौरव करावयाचा असेल तर अवश्य करावा. अकिलीसच्या तंबूत संपत्तीला तोटा नाही, तिच्यातून हवे ते द्यावे. परंतु दुसऱ्या क्रमांकाची घोडी आपली आहे आणि ती आपण सोडणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले. अकिलीस रागावला नाही. त्याला हसू आले. त्याने घोडी अँटिलोकसला ठेवू दिली आणि युमेलससाठी तंबूतून एक मौल्यवान उरस्त्राण आणविले.

ह्यामुळे पाचवे बक्षीस शिल्लक राहिले. ते एक दोन कानांचे पात्र होते. अकिलीस ते घेऊन वृद्ध नेस्टरकडे गेला. नेस्टरने तारुण्यात अनेक स्पर्धा गाजविल्या होत्या. आता वार्धक्यामुळे तो शर्यतीत उतरूही शकत नव्हता. अकिलीसने ते पात्र त्याच्या हाती दिले आणि वृद्धाचे अंतःकरण भरून आले.

ह्या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, मागे राहिलेल्या गुणी माणसाचा गौरव करणे उचितच आहे. दुसरी ही की, तो गौरव दुसऱ्याच्या हक्काच्या मानातून कापून देता येत नाही. विजेत्याचे विजेत्याकडेच राहिले पाहिजे. उत्तेजनार्थ द्यावयाचे ते स्वतंत्रपणे आणि स्वतंत्र कारणासाठी द्यावे लागते.

आधुनिक ऑलिंपिक सामन्यांचा इतिहास पाहिला, तर मानाचे हे वर्तुळ हळूहळू विस्तारत गेलेले दिसते. १८९६ साली अथेन्स येथे हे सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा विजेत्याला रौप्यपदक मिळे आणि दुसऱ्याला कांस्यपदक. तिसऱ्याला पदक नव्हते. सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी तीन पदके देण्याची प्रथा १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील सामन्यांपासून सुरू झाली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास चौथ्या, पाचव्या व सहाव्या क्रमांकांनाही प्रशस्तिपत्रक देण्यात येऊ लागले, आणि १९८४ पासून सातव्या व आठव्या क्रमांकांचाही त्यांत समावेश झाला. त्याच १९८४ साली लॉस एंजेलिस येथे भारताची धावपटू पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. तिसऱ्या क्रमांकात आणि तिच्यात अंतर होते केवळ एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचे! पापणी लवण्यासही ह्याहून अधिक वेळ लागतो. एवढ्याशा अंतरामुळे पदक हुकले, म्हणून तिचे धावणे गौरवास अपात्र ठरते, असे कोण म्हणेल?

मागच्या क्रमांकाची नोंदही किती मोलाची असते, हे महाराष्ट्राच्या एका सुपुत्राच्या चरित्रावरून कळते. कराडजवळील गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरले. मातीच्या आखाड्यात वाढलेल्या ह्या मल्लाला तेथे गादीवर कुस्ती खेळावी लागली. त्यांचा क्रमांक सहावा आला. सहाव्या क्रमांकाला पदक नसते. परंतु आपण जगातील उत्तम मल्लांच्या किती निकट पोहोचलो आहोत आणि अजून किती वाट चालावयाची आहे, हे तो क्रमांक स्पष्ट सांगतो. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे ह्याच खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

खेळांच्या मैदानावरून आता अभ्यासाच्या क्षेत्राकडे वळू. तेथे ह्या प्रश्नाचा अतिशय विचारपूर्वक केलेला उलगडा पाहावयास मिळतो. १९५९ साली रुमानिया देशात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड ही शालेय विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. भारताचे विद्यार्थी तीत १९८९ पासून भाग घेत आहेत आणि १९९६ साली ती मुंबईतच भरली होती. स्पर्धकांना दोन दिवसांत मिळून सहा प्रश्न सोडवावे लागतात. रोज तीन प्रश्न आणि त्यांसाठी साडेचार तास! प्रत्येक प्रश्नाला ७ गुण, म्हणजे एकूण ४२ गुण असतात. पदके साधारणपणे निम्म्या स्पर्धकांनाच मिळतात. परंतु १९८८ पासून तेथे आणखी एक मान दिला जातो. ज्याला पदक मिळाले नाही, पण ज्याने निदान एका प्रश्नाचे उत्तर संपूर्ण बिनचूक लिहून ७ पैकी ७ गुण मिळविले, त्याचा 'सन्माननीय उल्लेख' केला जातो.

हा नियम वरवर पाहता काहीसा विचित्र वाटेल. समजा, एका विद्यार्थ्याने चार प्रश्नांत प्रत्येकी २ गुण मिळविले. त्याचे एकूण ८ गुण झाले. दुसऱ्याने एकच प्रश्न पूर्ण सोडविला आणि बाकीचे त्याला मुळीच जमले नाहीत; त्याचे ७ गुण झाले. दोघांनाही पदक मिळाले नाही. तरी उल्लेख होतो तो ७ गुणवाल्याचा. ८ गुणवाल्याचा नव्हे! हा अन्याय तर नव्हे?

थोडा विचार केल्यास ह्यातील मर्म उमगते. चार ठिकाणी थोडी थोडी वाट चालणे आणि एकच वाट शेवटपर्यंत चालून जाणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. गणितात अर्धवट सिद्धता ही सिद्धता नव्हे. जगातील निवडक विद्यार्थ्यांपुढे ठेवलेला एक कठीण प्रश्न ज्याने आरंभापासून अखेरपर्यंत निर्दोष सोडविला, त्याने एक पूर्ण काम केले आहे. सन्माननीय उल्लेख त्या पूर्ण कामाचा असतो. तो दयेने दिला जात नाही आणि कोणाच्या शिफारशीनेही मिळत नाही. विशेष म्हणजे, तो कशासाठी मिळाला, हे मिळविणाऱ्याला आणि इतरांना नेमके ठाऊक असते.

उत्तेजनार्थ पारितोषिकाचे खरे मोल ह्या नेमकेपणातच आहे. सर्वांनाच ते वाटून टाकले, तर त्याला अर्थ उरत नाही. कारण मग ते कोणाच्याच कामाविषयी काही सांगत नाही. चाळीस निबंधांवर 'छान' असा एकच शेरा मारणाऱ्या परीक्षकाने चाळीस निबंध वाचले आहेत, ह्यावर कोण विश्वास ठेवील? उलट, "ह्या निबंधातील बाजाराचे वर्णन डोळ्यांपुढे उभे राहते, शेवट मात्र घाईने केला आहे," एवढे एकच वाक्य लिहिणाऱ्या परीक्षकाने तो निबंध मन लावून वाचला आहे, ह्याविषयी शंका उरत नाही. पहिल्या क्रमांकाचा निबंध ज्या काळजीने वाचावयाचा, त्याच काळजीने इतरही निबंध वाचल्यावाचून असे वाक्य लिहिता येत नाही. म्हणून उत्तेजनार्थ पारितोषिक ही स्पर्धकाप्रमाणेच परीक्षकाचीही कसोटी आहे.

ह्या पारितोषिकाचे नावही अर्थपूर्ण आहे. 'उत्तेजन' हा शब्द संस्कृतातील 'तिज्' ह्या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा एक अर्थ आहे धार लावणे. 'तेज' हा शब्दही त्याच धातूपासून झाला आहे. धार कोणत्या हत्याराला लावतात? ज्याचे पोलाद मुळात चांगले आहे, त्याला. धार लावण्यासाठी लाकडाचा तुकडा कोणी सहाणेवर घाशीत नाही. तेव्हा उत्तेजन देणे म्हणजे समजूत घालणे नव्हे. तुझ्या ठिकाणी कस आहे. त्याला आणखी थोडी धार हवी, असे सांगणे हेच उत्तेजन होय.

हा मान स्वीकारण्याचीही एक रीत आहे. "मला पहिले का दिले नाही?" असे म्हणून जो रुसतो, तो सहाणेजवळ येऊनही बोथटच राहतो. "मिळाले, आता पुरे," असे मानून जो स्वस्थ बसतो, त्याचीही तीच गत होते. आपल्या कामातील कोणता गुण परीक्षकांना आवडला आणि कोणती उणीव राहिली, हे जो समजून घेतो, त्यालाच ह्या पारितोषिकाचा खरा उपयोग होतो.

स्नेहसंमेलन संपते. मुले आपापल्या घरी जाऊ लागतात. ती मुलगी दिव्याखाली थांबून आपले प्रशस्तिपत्रक पुन्हा एकदा पाहते. नावाखाली परीक्षकांनी स्वहस्ते एक ओळ लिहिलेली असते. ती ओळ बाजाराच्या वर्णनाविषयी आणि घाईने केलेल्या शेवटाविषयी असते. ती दोन वेळा वाचून मुलगी प्रशस्तिपत्रक जपून दप्तरात ठेवते. आपला निबंध कोणीतरी अखेरच्या शब्दापर्यंत वाचला, ह्याविषयी तिच्या मनात आता शंका राहिलेली नसते. घरी पोहोचेपर्यंत तिच्या मनात त्याच निबंधाचा नवा शेवट आकार घेऊ लागलेला असतो.