बैठकीच्या गाण्याचा संग्रह

आपल्या भंडारा जिल्ह्याच्या रानात पळस किती आहेत, हे दिघोरीच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. या पळसाच्या व कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांवर एक अगदी क्षुद्र किडा वस्ती करतो आणि अंगातून चिकट रस स्रवून स्वतःभोवती कवच रचतो. तीच लाख. बांगड्या, पत्रांवरील मोहोर, लाकडावरील रोगण इत्यादी कामी तिचा उपयोग होतो, हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत जगातील बहुतेक सर्व मुद्रित गाणे या लाखेवरच उठविले जात असे, ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा मुलांस ती थट्टाच वाटली. ती थट्टा नव्हे. ग्रामोफोनची जुनी काळी तबकडी म्हणजे लाख, दगडाची बारीक पूड व काजळी यांचे तापवून दाबलेले मिश्रण होय. म्हणूनच ती हातून निसटली की खापरासारखी फुटते.

हिंदुस्थानात अशा तबकड्यांसाठी गाणे घेण्यास प्रारंभ झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. फ्रेडरिक गैसबर्ग नावाचे गृहस्थ त्यासाठी विलायतेहून आले होते व त्यांच्यापुढे गायिलेल्यांत गौहरजान ही प्रमुख होती. त्या काळी ध्वनिग्राहक विद्युत्‌यंत्र नव्हते. ते १९२५ च्या सुमारास आले. तोपर्यंत गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून शक्य तितक्या मोठ्याने गावे आणि त्या कंपाने सुईने मेणावर रेघ ओढावी, असा प्रकार होता. मेणाचे साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात व तेथून तयार तबकड्या जहाजाने परत येत. कलकत्त्यास कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. गाणे संपताच गायक आपले नाव मोठ्याने उच्चारीत असे. परदेशातील कारागिरांस तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही योजना होती, असे सांगतात. या नावाच्या गोष्टीकडे मला पुढे पुनः यावयाचे आहे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस मिनिटास ७८ फेऱ्यांच्या वेगाने सुमारे तीन मिनिटे गाणे मावे. आता ज्या रागाचा आलाप जमण्यासच पाऊण घटका लागते तो तीन मिनिटांत कसा बसावा? आमच्या बुजुर्गांनी तोही बसविला, आणि अशा झोकात बसविला की ऐकणारा थक्क होतो. बालगंधर्वांची नाट्यपदे याची साक्ष आहेत. तथापि नाटकगृहात तेच पद ‘वन्स मोअर’ घेत घेत रंगत असे, दर खेपेस नवी जागा निघत असे, ते तबकडीत कोठून येणार? शंकरपटास न जाता पटाचे एक छायाचित्र पाहावे, त्यातला हा प्रकार. बैल दिसतात, धूळही दिसते. शर्यत दिसत नाही.

आणि ज्यांचे छायाचित्रही नाही त्यांचे काय? भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) हे बालगंधर्वांचे व मास्तर कृष्णरावांचे गुरू. पुण्यातील भारत गायन समाजाचे संस्थापक. त्यांच्या गायनाची एकही तबकडी नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे गैसबर्ग आल्यानंतर चव्वेचाळीस वर्षे. त्यांनीही आपला आवाज यंत्रास दिला नाही. या दोघांचे गाणे आज शिष्यांच्या गळ्यात व वृद्धांच्या आठवणींत काय उरले असेल तेवढेच. यंत्र घरोघर असूनही आवाज नाहीसा होतो, याचे याहून खेदकारक उदाहरण मला ठाऊक नाही.

अल्लादियाखाँची शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातील केरी गावची ही गायिका. तीही ध्वनिमुद्रणाविषयी फार काटेकोर होती व तिने थोडक्याच तबकड्या दिल्या. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली व पृथ्वीवरील निवडक आवाजांची एक सोनेरी तबकडी प्रत्येक यानावर ठेविली. त्यात हिंदुस्थानातून केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी निवडली गेली. परंतु ती तबकडी तोवर बाजारातून नाहीशी झाली होती! शोधता शोधता ती न्यूयॉर्कमधील एका हिंदी कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. जे गाणे आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे गेले आहे ते एका दुकानदाराने जुना माल फेकून दिला नाही म्हणून गेले. याच वर्षी, यान सुटल्यानंतर थोड्याच दिवसांनी, केसरबाई निवर्तल्या.

तीन मिनिटांचा हा तुरुंग फुटला तो चुंबकीय फितीमुळे. लोहाच्या बारीक भुकटीचा थर दिलेली फीत १९३५ मध्ये जर्मनीत प्रथम लोकांसमोर आली, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याकडील काही हौशी रसिकांच्या घरी रिळांची मोठी यंत्रे दिसू लागली. १२०० फुटांचे रीळ सेकंदास साडेसात इंच या वेगाने चालविले तर बत्तीस मिनिटे पुरते. वेग निम्मा केला तर चौसष्ट. म्हणजे एक संपूर्ण ख्याल, वाद्ये लावण्यापासून शेवटच्या तिहाईपर्यंत, सलग मिळू लागला. पुढे १९६३ मध्ये कॅसेट निघाली आणि यंत्र पिशवीत मावू लागले.

यानंतर जे घडले त्यात कोणत्याही कंपनीची योजना नव्हती. कोणी बँकेतील कारकून, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक. गायकाची अनुज्ञा घेऊन बैठकीच्या कोपऱ्यात यंत्र मांडून बसत. पुण्यास भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हापासून रात्र रात्र जागणाऱ्या श्रोत्यांची एक पिढीच तयार झाली. वसंतराव देशपांडे आपल्या वऱ्हाडातले, मूर्तिजापुरास १९२० मध्ये जन्मलेले व नागपुरात शिकलेले. दर बैठकीत राग निराळ्या वाटेने नेणारा हा गवई एका तबकडीत कसा सापडावा? तो सापडतो तो बैठकींच्या मुद्रणांत. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने अशा कित्येक बैठकी पुढे कॅसेटरूपाने प्रसिद्ध केल्या. मुंबईस कुमार गंधर्वांचे शिष्य सत्यशील देशपांडे यांनी संवाद फाउंडेशनमार्फत घराण्याघराण्यांच्या गवयांचे गाणे व त्यांचे विवेचन जमा केले. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, मुंबईतच १९९० मध्ये निघाली, डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचे चिटणीसपद अनेक वर्षे सांभाळिले.

हे वेड केवळ आपलेच नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या नाट्यगृहाचा ग्रंथपाल लायोनेल मेपल्सन याने १९०१ ते १९०३ या काळात एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर चालू खेळातील गाणे उतरवून घेतले. आवाज कढईत तळण चालावे तसा येतो. तरी ज्यां द रेश्के या त्या काळच्या विख्यात गायकाचा गळा आज थोडाफार ऐकू येतो तो या नळकांड्यांमुळेच. त्याच देशात ‘ग्रेटफुल डेड’ नावाचे एक रॉक संगीताचे पथक होते. त्यातील गाणारे कोणतेही गीत दोनदा सारखे म्हणत नसत, म्हणून त्यांचे चाहते प्रत्येक जलसा मुद्रित करीत. १९८४ मध्ये तर पथकानेच त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा राखून दिली. अट एकच: फिती आपसांत द्याव्या-घ्याव्या, विकू नयेत. या संगीताची मला विशेष गोडी नाही, हे कबूल करतो. परंतु अट मला फार आवडली.

आता संग्राहकाचे खरे काम कोणते ते पाहू. फीत मिळविणे हा त्याचा लहान भाग. समजा, एक जुने रीळ हाती आले. डबीवर फक्त ‘मालकंस’ एवढेच लिहिले आहे. गाणारा कोण, हे आवाजावरून बहुधा कळते. पण बैठक केव्हाची? तबला कोणाचा, संवादिनी कोणाची, मागे तानपुऱ्यावर शिष्य कोण स्वर देतो आहे, निवेदक काय बोलतो, मधूनच रेल्वेची शिटी येते काय, अशा खुणांवरून तर्क बांधावा लागतो. त्यातच वेगाची भानगड असते. फितीचा वेग शेकडा सहाने वाढला की स्वर अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो व त्याची तान उगीचच चपळ वाटते. असे चढे गाणे ऐकून तरुण विद्यार्थी गळा ताणू लागले तर दोष कोणाचा? जाणते संग्राहक गवयाची नेहमीची पट्टी पाहून वेग ठीक करतात. कोणी तर फितीत उतरलेली विजेची घरघर मोजतात, कारण आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते.

दुसरी गोष्ट नकलेची. फितीवरून फीत, तिच्यावरून आणखी फीत, असे करीत गेल्यास दर पिढीस खरखर वाढते. म्हणून पहिली फीत कोठे आहे याचा शोध संग्राहक पोलिसांच्या चिकाटीने घेतो. संगणकात उतरविल्यावर मात्र नकलेने काही बिघडत नाही. उत्तम प्रतीने, म्हणजे सेकंदास ९६,००० नमुने घेऊन, उतरविलेले एक तासाचे गाणे सुमारे दोन गिगाबाइट जागा घेते. पुष्कळ जण जागा वाचविण्यासाठी ते आकुंचित रूपात ठेवतात आणि मूळ रीळ भंगारात टाकतात. हे करू नये. आकुंचनात जे गेले ते परत येत नाही.

आपल्या हवेत फितींचे हाल विशेष. मे महिन्याचा ताप व त्यामागोमाग चार महिन्यांची ओल यांनी फितीवर बुरशी धरते, काही फितींचा लेप ओल शोषून चिकट होतो व यंत्रात सोलून निघतो. काही जुन्या फितींस शिर्क्यासारखा वास येऊ लागतो. तो आला की ती फार दिवस टिकणार नाही असे समजून नक्कल तत्काळ करून घ्यावी. फिती कोरड्या, थंड कपाटात उभ्या ठेवाव्या; ध्वनिवर्धकाच्या मोठ्या पेटीवर कदापि ठेवू नयेत, कारण तिच्यात लोहचुंबक असतो.

कायद्याचेही भान हवे. आपल्या देशात ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे व कलावंताचा आपल्या सादरीकरणावरील हक्क ५० वर्षे टिकतो. अनुज्ञेवाचून दुसऱ्याचे गाणे विकणे वा जगभर प्रसृत करणे ही चोरीच होय, मग हेतू कितीही रसिकतेचा असो.

एवढा सगळा पसारा मांडण्याचे कारण आता सांगतो. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडार व खडीगंमत होते. धान घरात आले की वडशाच्या नाटक मंडळ्या झाडीपट्टीत फिरू लागतात व रात्र रात्र खेळ करतात. तेथील गायन पडद्याआडच्या यंत्रावरचे नव्हे. नट स्वतः गातो, समोर पेटी-तबला असतो. परशुराम खुणे यांस २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव दिल्लीपर्यंत गेले. परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे आपल्याच गावातील दंडारीचे गाणे ऐकावयाचे म्हटले तर कोठे मिळेल?

माझ्या घरी होते. मी शाळकरी असताना माझ्या मामांनी मंडईच्या रात्री कॅसेट-यंत्र मांडीवर घेऊन एका वृद्ध शाहिराची दंडार उतरवून घेतली. त्याचा आवाज फाटका, पण फेक अशी की शेवटच्या रांगेतील म्हातारीने ‘वा रे बापा’ म्हटलेलेही फितीत ऐकू येई. पुढल्या पावसाळ्यात तो शाहीर वारला. त्यानंतर काही महिन्यांनी वक्तृत्वस्पर्धेचे भाषण पाठ होते की नाही हे पाहण्यासाठी मला कॅसेट हवी होती. हाताशी तीच होती. माझे भाषण वीस मिनिटांचे झाले व शाहिराची वीस मिनिटे पुसली गेली. कॅसेटच्या पाठीमागील कडेस दोन लहान चकत्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुनः मुद्रण होत नाही, हे मला नंतर कळले. मामा रागावले नाहीत. त्यांनी उरलेली दुसरी बाजू लावली, शेवटपर्यंत ऐकली, आणि मग नखाने त्या चकत्या मोडून टाकल्या. स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले होते.

ती दुसरी बाजू मी आता संगणकात उतरवून घेतली आहे. तीत सवाल-जवाब करणारा दुसरा गडी कोण, हे मात्र सांगता येत नाही. मामा गेले आणि डबीवर काहीच लिहिलेले नाही. सन १९०२ मधील गौहरजान स्वतःचे नाव सांगून ठेवते, आणि आमच्या गावच्या गड्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही! आजच्या मुलांच्या मोबाइलमध्येही दंडारीची चित्रे आहेत, पण त्यांस नाव म्हणून केवळ आकड्यांची रांग असते, आणि मोबाइल पालटला की ती जातात.

पालकवर्गास विनंती की, ज्यांच्या घरी दंडार, खडीगंमत, भजन, उपासनेतील गायन किंवा झाडीपट्टीतील नाटक यांच्या जुन्या कॅसेटा वा रिळे असतील त्यांनी ती मुलांबरोबर शाळेत पाठवावीत. त्या आधी त्या यंत्रात घालून पाहू नयेत. नक्कल करून मूळ वस्तू परत देण्यात येईल, व गाणारे किंवा त्यांचे वारस संमती देतील तरच ती इतरांस ऐकविली जाईल. आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी सोबत एक कागद घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून भरून आणावा: गाव, साल, प्रसंग, गाणाऱ्याचे पूर्ण नाव, पेटी कोणाची, ढोलकी कोणाची, यंत्र कोणी लाविले, आणि हे सर्व सांगितले कोणी. साल नक्की आठवत नसेल तर त्या वर्षी पाऊस कसा होता किंवा कोणाचे लग्न झाले होते ते लिहावे. त्यावरून ते काढता येते.