भाऊ अंथरुणाला, आई उंबऱ्याशी

आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी, पथ्य काय सांभाळावं, ताप उतरत नसेल तर काय करावं, यावर आपल्या वाचनात पुष्कळ येतं. पण घरातला कर्ता मुलगा असाध्य दुखण्यानं अंथरुणाला खिळलाय, डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि त्याच घरात पंचाहत्तरी गाठलेली त्याची आई आहे. या आईचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. आणि हे काम बहुतेक वेळा येतं दिल्या घरी नांदणाऱ्या लेकीकडे. वहिनी नवऱ्याच्या उशाशी अडकलेली, भाचरं शाळेत, मग "आईला तेवढं तू बघ" असं सगळे आपल्याला सांगून मोकळे होतात.

माझ्यावर ही वेळ आली. माझं माहेर सेलूचं, सासर परभणीत. आगगाडीनं तासाभराच्या आतली वाट. धाकट्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला आणि पुढचे अकरा महिने मी ही वाट आठवड्यातून दोनदा तरी केली. त्यातून जे कळलं आणि जे नंतर विचारून, वाचून समजून घेतलं, ते इथं लिहिते आहे. कुणा भगिनीच्या उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न असतो, आईला सांगायचं का? आमच्याकडे चुलते-मामे बसले आणि त्यांनी ठरवलं, म्हातारीला कळता कामा नये, धसका घेईल. वहिनीला ते पटलं नव्हतं, मलाही नव्हतं. पण त्याचा निकाल आईनंच लावला. चौथ्या दिवशी ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "टाटाला काय पडसं झालं म्हणून नेतेत का?" आपल्या भागात 'टाटाला नेलं' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. परळचं ते इस्पितळ १९४१ साली सुरू झालं, आणि आज आपल्याकडे त्या नावातच रोगाचं नाव आलं. ज्या बाईनं पोरांच्या पावलांच्या आवाजावरून त्यांची दुखणी ओळखली, तिच्यापासून तुम्ही काय लपवणार? कुजबुज थांबली की तिला कळतं, बाहेरच्या खोलीचं दार लोटलं की कळतं. लपवल्यानं एवढंच होतं, की तिला सगळ्यांदेखत रडता येत नाही.

मग सांगायचं कसं? एकदम सगळं नको. ती विचारील तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं, पण खरं द्यावं. "बरा होईल का?" असं विचारलं तर "डॉक्टर म्हणतात रोग हटायचा नाही, पण दुखणं कमी ठेवता येईल" हे सांगता येतं. आणि सांगणारं माणूस तिच्या जवळचं असावं, बसून सांगावं, हातात हात घेऊन. एका मोठ्या दवाखान्यात आमच्याच ओळखीच्या एका आईला हीच गोष्ट जिन्यात उभ्या उभ्या सांगितली गेली होती. त्या माउलीला नंतर त्या जिन्याच्या पायऱ्या किती होत्या तेवढंच आठवत होतं.

"आधी मी जायला पाहिजे होते," हे वाक्य ती दिवसातून दहादा म्हणेल. त्यावर "असं बोलू नये" म्हणून तिला गप्प करू नका. "देवाची इच्छा" तर मुळीच नको. नुसतं ऐकून घ्यावं. ज्या आईनं गंगाखेडला नवस बोलला आहे आणि परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक दर्ग्यातही चादर कबूल केली आहे, तिला देवाबद्दल आपण काय शिकवायचं!

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. आईला आजाऱ्यापासून लांब ठेवू नका. "तू दमशील, तू जप करत बस" असं म्हणून आपण तिला उंबऱ्याशी बसवून ठेवतो. तिथं बसून तिचा जीव दुप्पट कासावीस होतो. तिला काम द्या. जड नको, पण खरं काम हवं. आमच्या भावाला गिळता येईना, नाकातून नळी घातली. परिचारिकेनं वहिनीला शिकवलं, आणि वहिनीनं ते आईला शिकवलं. शहात्तराव्या वर्षी आई नळीतून पेज घालायला शिकली. रोग्याला टेकून बसतं करायचं, पेज कोमट आणि गाळून घेतलेली, नळीत हळूहळू सोडायची, शेवटी थोडं उकळून गार केलेलं पाणी घालून नळी साफ करायची, आणि नंतर अर्धा तास त्याला आडवं होऊ द्यायचं नाही. एवढं तिनं पाठ केलं. खोकला आला, की लगेच थांबायचं हेही. (हे कुणी जाणकारानं हातानं दाखवल्याशिवाय मात्र करू नये.) सकाळी आठची पेज आईची, हे घरात ठरून गेलं. त्या पेजेनं भावाला किती ताकद आली देव जाणे, आईला मात्र पहाटे उठायला कारण मिळालं.

जिथं नळी नाही तिथंही आईला करण्यासारखं खूप असतं. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, भाताची पेज, पातळ अंबील, हे आपल्या आयांइतकं कुणाला जमत नाही. तोंड आलेलं असेल तर तिखट, आंबट आणि गरम वर्ज्य. ओठांना साजूक तूप लावणं, ओल्या मऊ फडक्यानं तोंड आतून पुसून घेणं, तळपायाला हात फिरवणं, हे आईनं करावं. दर दोन तासांनी कूस बदलणं, उचलणं, चादर काढणं ही कामं मात्र तरुण हातांची. कूस न बदलल्यास पाठीला जखमा होतात आणि मग त्यांचंच दुखणं होऊन बसतं.

जेवणावरून एक गोष्ट आईला प्रेमानं समजावून सांगावी लागते. शेवटच्या आठवड्यांत रोग्याची भूक मरते. खात नाही म्हणून तो खंगत नसतो, शरीरच आता अन्न मागत नसतं. आईला हे पटणं कठीण. तिच्या हातचा घास नको म्हटला, की तिला आपण आई म्हणून कमी पडलो असं वाटतं. बळेबळे भरवलं तर उलटी होते, ठसका लागतो, अन्न श्वासनळीत जाण्याची भीती असते. एक चमचा घेतला तरी पुरे, आणि तोही त्यानं मागितला तर.

भगिनींनो, इथं वहिनीबद्दल बोलायला हवं. आपण नणंदा माहेरी जातो तेव्हा जरा हुकूमतीनं जातो, नाही का? "औषध वेळेवर दिलंस का, खोलीला वास का येतो," हे तोंडातून निघून जातं. पण रात्री जागते ती वहिनी. तिचं कुंकू पणाला लागलेलं आहे, आणि आई रडली की सगळे आईकडे धावतात, वहिनीकडे कुणी वळून पाहत नाही. माहेरी जाल तेव्हा पहिल्यांदा वहिनीला दोन तास झोपू द्या. सासू-सुनेचं एरवी पटत नसलं तर या दिवसांत ते आणखी चिघळतं. माझ्या मुलाला हिनं काय खाऊ घातलं, हिनं तंबाखू का सोडायला लावली नाही, इथपर्यंत गोष्ट जाते. त्या बोलण्याच्या मध्ये उभं राहणं हे लेकीचं काम. आईला खरं बोलणारी ती एकटीच असते.

आता दुखण्याबद्दल, कारण घर खचतं ते त्यामुळं. पोटचा मुलगा रात्रभर विव्हळतो आहे आणि आई शेजारच्या खोलीत कानात बोटं घालून बसली आहे, हे आजही घडतं, आणि ते घडायचं काही कारण नाही. लंडनला सिसिली साँडर्स या डॉक्टरबाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. त्यांनी दाखवून दिलं, की कॅन्सरच्या वेदनेवरचं औषध कळ आल्यावर न देता घड्याळाप्रमाणे दिलं तर रोगी शांत राहतो. आपल्याकडे १९८६ साली मुंबईला वांद्र्यात डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं, ते देशातलं अशा प्रकारचं पहिलं. पुण्याला वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. तिथं रोग्याला विनामूल्य ठेवून घेतात आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवतात.

जबर वेदनेवर मॉर्फिन हे औषध आहे. अफूपासून होतं म्हणून लोक घाबरतात. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर त्याला इतके परवाने लागू लागले, की दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा बदलला. आता राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळालेल्या संस्थांना ते ठेवता येतं. "मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं" असं आईच्या कानावर कुणीतरी घालतंच. ते खरं नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते दिलं तर त्यानं मरण लवकर येत नाही, आणि वेदनेसाठी घेणाऱ्याला व्यसनही लागत नाही. शौचाला मात्र हमखास कडक होतं, तेव्हा त्याचं औषध सोबतच मागून घ्यावं. जखमेला वास येत असेल तर त्यावरही डॉक्टर औषध देतात. लाजू नका, विचारा. वासामुळं आई खोलीत येईना अशी घरं मी पाहिली आहेत.

हे मिळतं कुठं? परभणीच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. 'पॅलिएटिव्ह केअर' हा शब्द लक्षात ठेवा, तोच तिथं विचारायचा. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. प्रत्येक गोष्टीला मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१७ साली तिचं नाव बदललं. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं. मुंबईला जायचंच झालं तर रेल्वेची सवलत विसरू नका. इस्पितळानं ठरावीक नमुन्यात दाखला दिला, की कॅन्सरच्या रोग्याला उपचारासाठी जाताना शयनयान आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गात तिकीट माफ असतं, सोबत्याला त्याच वर्गांत पाऊण भाडं माफ. देवगिरी आणि नंदीग्राम या दोन्ही गाड्या आपल्या स्टेशनावरून जातात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, इथं रोग्यांची व नातेवाइकांची उतरायची सोय होते.

डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटल्यावर मात्र वेगळीच वर्दळ सुरू होते. कुणी मुळ्या आणून देतो, कुणी काढा, कुणी "एकवीस दिवसांत गाठ विरघळते" म्हणून हजारोंची पुडी. यांचा रोख आईवर असतो. तिच्या बोटातली अंगठी, पाटल्या, कधी बांधाकडेची एखादी एकर. आईला नाही म्हणणं जमत नाही. ते तुम्ही म्हणा, वाईटपणा घ्या.

भेटायला येणारी माणसंही तशीच. दारातूनच हंबरडा फोडणारी चुलती आपल्या प्रत्येकीला असते. तिला आधी स्वयंपाकघरात न्या, चहा द्या, मग आत सोडा.

आईच्या प्रकृतीकडे कुणाचं लक्ष नसतं. साखरेची गोळी घेणारी बाई मुलासाठी सोमवार, शनिवार, एकादशी धरते. गोळी घेते आणि जेवत नाही, मग घाम फुटून, डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडते. तिला उपास सोड म्हणू नका, ती ऐकणार नाही. उपासाला काय चालेल आणि त्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या. रक्तदाबाची गोळी भाच्याच्या हातानं द्यायला लावा. नातवाला ती नाही म्हणत नाही.

शेवट घरी व्हावा की दवाखान्यात, हे रोगी शुद्धीत असताना त्यालाच विचारावं. आमच्या भावानं घर सांगितलं. श्वास थांबून थांबून येऊ लागला, हातपाय गार पडले, तेव्हा शेजारी गाडी आणायला निघाले होते. वहिनीनं त्यांना थांबवलं. आई उशाशी बसली आणि लहानपणी त्याला ज्या नावानं हाक मारायची त्या नावानं हाका मारत राहिली. ऐकू येणं शेवटपर्यंत बऱ्याच अंशी टिकतं असं डॉक्टर सांगतात.

नंतरच्या दिवसांतली एक व्यवहाराची गोष्ट. मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या मालमत्तेत त्याची बायको, मुलं आणि आई यांचा सारखा वाटा असतो. बहिणीचा नसतो. तेव्हा आपण निःशंकपणे बोलू शकतो. तेराव्याच्या आत कुणी हक्कसोडपत्रावर आईचा अंगठा मागू लागला तर थांबवा. वारसनोंदीला तलाठ्याकडे जायचं ते सगळ्यांनी बसून, सावकाश. आईला आपला वाटा सुनेला आणि नातवंडांना द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण समजून उमजून.

आणि आई राहणार कुठं? लेकीच्या घरी राहायचं नाही, तिच्या घरचं खायचं नाही, हे आपल्याकडच्या आयांच्या मनात अजून बसलेलं आहे. कायद्याच्या मनात ते नाही. १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोघंही येतात. सासरी हे सांगायला थोडा धीर लागतो. माझ्या यजमानांनी तो प्रश्न येऊ दिला नाही, पण आई अजून सेलूलाच आहे, वहिनीपाशी. महिन्यातले आठ दिवस माझ्याकडे येते. सकाळी आठ वाजता तिला काहीतरी शिजवायला लागतंच, म्हणून मी तिच्यासाठी ज्वारीच्या कण्या भरडून ठेवते.